ओढ्यापलीकडची दवंडी

दवंडी म्हणजे नुसतं ओरडणं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा भर उन्हात हलगी गळ्यात अडकवून आमच्या गावाला चक्कर मारून बघावी. तिसऱ्या आळीला पोचेपर्यंत घसा बसतो. माझा कधी बसला नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणून मी आयुष्य काढलं. झाडलोट केली, नळ सोडले, नोटिसा चिकटवल्या, साहेबांचा चहा आणला. पण कुणी विचारलं, तुम्ही काय करत होता, तर मी सांगतो दवंडी देत होतो. बाकीचं कुणीही केलं असतं.

शाळा माझी तिसरीपर्यंत. वाचता येतं, सावकाश. लिहिताना वेलांट्या त्यांच्या मनानं पडतात, त्या तेवढ्या नातसुनेनं जागेवर बसवल्यात. वाक्य मात्र एकही तिला बदलू दिलेलं नाही. दोन ठिकाणी तिनं बदलून बघितलं. मी कागदच काढून घेतला.

आमचं गाव नळदुर्गच्या पुढं, हायवे सोडून आत. वरच्या आळीत लिंगायतांची घरं. ते घरात कानडी बोलतात, बाजारात मराठी. मधे मराठ्यांची आळी, सगळ्यात मोठी. मशिदीच्या अंगाला मुसलमानांची गल्ली, त्यांची दखनी बोली. खाली आमचं मांगवाड्याचं टोक. आणि ओढा ओलांडला की गायरानावर पारध्यांची चौदा घरं. घरं म्हणजे पत्रा, पाचट आणि ताडपत्री. गावात त्याला नुसतं 'वस्ती' म्हणतात. कुठली वस्ती असं कुणी विचारत नाही.

आता शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमदार-खासदाराला आपण पाच वर्षांतून एकदा बटण दाबून मोकळे होतो. ग्रामसभेचं तसं नाही. तिथं मतदार यादीतला कुणीही स्वतः येऊन बसतो, स्वतः बोलतो, स्वतःचा हात वर करतो. सतरंजीवर सगळे सारखेच. निदान कागदावर तरी सारखे. सभेला ठराविक माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अट नसते. म्हणजे पहिल्या वेळी कुणी आलं नाही की दुसऱ्या वेळी दहा जण बसून गावाचं काहीही ठरवू शकतात. हे ज्यांना कळलेलं असतं त्यांना दवंडी हळू दिलेली आवडते. मला एकदा एका मेंबरानं सांगितलं होतं, "सटवा, एवढं कशाला बडवतो? कागद चिकटवलाय ना." त्या दिवशी मी त्याच्या दारात दोनदा बडवली.

हलगीला आधी शेकून घ्यावं लागतं. चामडं ताणलं की आवाज सुटतो. सभेचा ठेका वेगळा, हरवलेल्या जनावराचा वेगळा, मयताचा तर अगदीच वेगळा. ऐकणाऱ्याला शब्द कळायच्या आधी ठेका कळतो. हे मला माझ्या बापानं शिकवलं. शब्दही त्याचेच: "ऐका हो ऐका, समस्त गावकरी मंडळींनो, उद्या सकाळी धा वाजता पंचायतीत सभा हाय, समद्यांनी जमायचं हो!"

त्यात मी माझी भर घातली. वरच्या आळीत गेलो की कानडीत सांगायचो, मशिदीकडं गेलो की दखनीत. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माणसाला त्याच्या घरातल्या बोलीत बोलावलं तर तो उठतो. माझी दखनी ऐकून खाजाभाई टेलर मशीन थांबवायचा आणि म्हणायचा, "सटवा, तेरी बात सुनके मेरी बकरी हसती रे!" मी म्हणायचो, "बकरी कू भी लेके आओ, कोरम पुरा होता."

कानडीनं एकदा चांगलीच फजिती केली. कानडीत उद्याला 'नाळे' म्हणतात. मी वरच्या आळीत जोरात सांगितलं, "नाळे सभे अदा, बर्री!" म्हणजे उद्या सभा आहे, या. मधल्या आळीतल्या बायकांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, नळाची सभा आहे. दुसऱ्या दिवशी साठ-सत्तर बायका रिकाम्या घागरी घेऊन हजर. आमचे सरपंच मल्लिनाथअप्पा वरच्या आळीचेच. घागरी बघून त्यांनी मला बाजूला ओढलं.

"सटवा, काय सांगून आलास?"

"तुमच्याच भाषेत सांगितलं, अप्पा."

"माझ्या भाषेनं मला मारलं की रे तू!"

पण त्या सभेत नळाचा विषय घ्यावाच लागला, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी मधल्या आळीला दुसरी लाईन आली. बायका अजून सांगतात, सटवाच्या चुकीनं पाणी आलं. मी म्हणतो, चूक कुठली, कानडी आहे ती.

असा माझा तोरा होता. तीन भाषांत दवंडी देणारा शिपाई तालुक्यात दुसरा नाही, हे मी स्वतःच लोकांना सांगायचो.

वस्तीवरही जायचो. कुणी जा म्हणायचं नाही, पण जायचो. ओढ्याच्या अलीकडून हाक मारून परत फिरणारे शिपाई मी बघितलेत. मी पाणी असलं तरी चपला हातात घेऊन पलीकडं जायचो, पहिल्या पत्र्यापाशी उभा राहून हलगी बडवायचो, बापाचे शब्द पूर्ण म्हणायचो. वस्तीवर सगळ्यांना मराठी कळतं, म्हणून मराठीतच. आणि तिथून कधी कुणी सभेला आलं नाही. एक माणूस नाही. उलट मी बडवायला लागलो की वस्ती सुनी व्हायची. बाया लेकरांना बखोटीला धरून आत जायच्या, बापे माळाकडं चालायला लागायचे. मला राग यायचा. एवढं पाण्यातून आलो आणि ह्यांना ऐकायचीही फुरसत नाही.

परत आलो की ग्रामसेवक साहेब दवंडीचं रजिस्टर पुढं करायचे. त्यात लिहिलेलं असायचं, 'ओढ्यापलीकडील वस्तीवर दवंडी दिली.' त्याच्याखाली मी सही करायचो. सही माझी चांगली आहे, शेवटच्या अक्षराला शेपूट आहे.

वस्तीचा एकच प्रश्न होता, आणि तो जुना होता. त्यांची घरं गावाच्या घरांच्या रजिस्टरात नव्हती. रजिस्टरात घर नाही म्हणजे उतारा नाही. उतारा नाही म्हणजे मीटर मिळत नाही, घरकुल मिळत नाही, पोरीच्या शाळेच्या कागदाला रहिवासी दाखला लागला तर साहेब म्हणणार, राहता कुठं ते दाखवा. मतदार यादीत मात्र होते ते. मतं सगळ्यांनाच लागतात. घरांची नोंद करायची तर ग्रामसभेचा ठराव लागत होता. विषय दोनदा पत्रिकेवर आला आणि दोनदा मागं पडला. अर्जदारच सभेत नाहीत, असं म्हणून.

एके दिवशी सकाळी मोगराबाई पंचायतीत आली. वस्तीतली वयानं मोठी बाई. कपाळावर गोंदण, अंगात पुरुषाचा शर्ट, हातात काठी. तिच्या नातीला आश्रमशाळेत घालायचं होतं आणि दाखल्यावाचून अडलं होतं. ती दारातच उभी राहिली.

साहेब म्हणाले, "आजी, तुमचा विषय आम्ही दोनदा घेतला. तुम्ही लोक येतच नाही."

"आमाला कुणी बोलिवलं?"

साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि एकेक पान उलटत तिला दाखवलं. "हे बघा. ही दवंडी. ही दवंडी. ही पण. प्रत्येक वेळी तुमच्या वस्तीवर दिली. सही आहे शिपायाची."

मी तिथंच उभा होतो. छाती जरा पुढं काढूनच उभा होतो.

मोगराबाईनं माझ्याकडं बघितलं. "व्हय, ह्यो येतो. खोटं कशाला बोलू. पाण्यातनं बी येतो. पर ह्यो आमाला कुठं बोलावतो? ह्यो गावकऱ्याला बोलावतो."

"म्हंजी?" मी म्हणालो.

"तूच म्हनतो ना, गावकऱ्यांनो जमा? आमी काय गावकरी हाव का? आमी पारधी हाव." मग ती सावकाश बोलायला लागली, एखाद्या लेकराला समजवावं तशी. "कुणाची शेळी गेली, कुणाची मोटर गेली, की गावकरी जमत्यात. काठ्या घिऊन वड्याच्या आमच्या बाजूला येत्यात. माझ्या दादल्याचा हात गावकऱ्यांनीच मोडला. तू हलगी बडवून म्हनतो, गावकरी जमा रे. आमी लेकरं घिऊन पळतो. तुला वाटतं का आमाला सभा कळत न्हाई?"

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मला मात्र राग आला. खरं सांगायचं तर त्या वेळी दुसरं काही आलं नाही. मी म्हणालो, "ही पिढ्यांची दवंडी हाय. माझ्या बापाची. शब्द बदलत न्हाय म्या."

"नगं बदलू," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

घरी जेवताना मी बायकोला सांगितलं, बघ, आता पारधीण मला दवंडी शिकवते. बायको भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "तुमच्या बापाला तरी कुणी गावकरी म्हनलं व्हतं का?"

मी ताटावरून उठलो. दिवसभर तिच्याशी बोललो नाही. पण ती बोलून बसली होती आणि ते आत गेलं होतं. माझा बाप पाराच्या खाली, उन्हात उभा राहून दवंडी द्यायचा. पारावर सावली होती, पण त्याला वर चढायची परवानगी नव्हती. 'समस्त गावकरी मंडळींनो' म्हणून सगळ्यांना बोलवायचा आणि सभा सुरू झाली की आपल्या गल्लीत निघून यायचा. मी लहानपणी विचारलं होतं, आपण का नाही बसत? तो म्हणाला होता, आपलं काम बोलवायचं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तेच शब्द घेऊन ओढा ओलांडत होतो, वर सही करत होतो. त्या सह्यांनीच त्या चौदा घरांचा विषय दोनदा बुडवला होता. शेपूट काढून केलेल्या सह्या.

पुढच्या सभेला विषय तिसऱ्यांदा पत्रिकेवर आला. साहेब म्हणाले, या वेळी मागं पडला तर मी परत घेणार नाही. दवंडीच्या आदल्या दिवशी मी हलगी न घेता वस्तीवर गेलो. मोगराबाई दारात बसून कसली तरी मुळी निवडत होती.

"बाई, कसं बोलावू सांग," मी म्हणालो. माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य म्हणायला किती जड गेलं ते मलाच माहीत.

तिनं मान वर केली नाही. "नावानं बोलाव. पोलीस बी नावानंच बोलावत्यात, पर त्ये न्यायला. तू बसाया बोलाव."

मी मतदार यादीवरून सगळी नावं एका कागदावर उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडला, ठेका वाजवला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. मोगराबाई. तिचा नवरा. मुलगा. सून. शेजारचा. त्याची आई. एक नाव घ्यायचं, एक थाप मारायची. "उद्या धा वाजता पंचायतीत बसायला या. तुमच्या घरांचा इषय हाय." पहिल्यांदाच कुणी पळालं नाही. एक पोरगी तर, माझ्या आईचं नाव राहिलं, म्हणून मागं लागली. ते खरंच राहिलं होतं. मी परत वाजवून ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते आले. सगळे. अंघोळी करून, लेकरांच्या डोक्याला तेल लावून. पण पंचायतीच्या ओट्यावर आले नाहीत. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं कडुनिंब, त्या झाडाखाली बसले.

विषय निघाला तसं मधल्या आळीतला एक जण म्हणाला, "सभेत बसलेत त्यांनी बोलावं. झाडाखाली बसलेल्यांची सभा वेगळी." हशा झाला. दुसरा म्हणाला, गायरान गेलं तर जनावरं कुठं चारायची. तो प्रश्न खोटा नव्हता. अप्पांची स्वतःची गुरं तिथं चरायची.

अप्पांनी हाक दिली, "या की मोगराबाई, पुढं या."

ती उठून उभी राहिली पण रस्ता ओलांडला नाही. "बसाया जागा कुठाय?"

खरंच नव्हती. सतरंजी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती आणि कुणी मांडी आवरत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन कोपऱ्यात उभा होतो. मी तांब्या खाली ठेवला, सतरंजीचं एक टोक धरलं आणि ओढलं. वर बसलेले दोन-तीन जण कलंडले. शिव्या आल्या, त्या इथं लिहीत नाही.

"सटवा, येड लागलं का?" अप्पा ओरडले.

"अप्पा, दर वेळी सभा ह्या सतरंजीवर भरती. सतरंजी झाडाखाली चाललीय. ज्याला सभा पायजे त्यानं तिकडं यावं."

नोकरी जाईल असं मला वाटलं. पण टोक सोडलं नाही. एकदा धरलं की मला सोडता येत नाही, हा माझा जुना दोष आहे.  मग अप्पांनी आपली खुर्ची स्वतः उचलली आणि वरच्या आळीच्या लोकांना म्हणाले, "होग्ली बिडो, नेरळ अद अल्ली." म्हणजे जाऊ दे रे, तिकडं सावली आहे. ते उठले तसं खाजाभाई उठला, त्यानं सतरंजीचं दुसरं टोक धरलं. मग बाकीचे, कुरकुरत.

झाडाखाली मोगराबाई सतरंजीच्या काठावर बसली आणि बसूनच बोलली. "आमी हितंच जल्मलो. आमची मेलेली मानसं ह्याच माळाला हायती. तुमच्या हरभऱ्याची राखण आमी करतो. तुमची गुरं चरू द्या, आमी काय गवत खात न्हाई. येकच इच्यारते. कुठं काय गेलं की पोलिसाला आमचं घर बराबर सापडतं. मग ह्या सायबाच्या रजिस्टरातच कसं सापडत न्हाई?"

अप्पा म्हणाले, ठरावाला ज्यांचा होकार त्यांनी हात वर करा.

साहेब हात मोजायला लागले. झाडाखालचे सगळे वर झाले, मुसलमान गल्लीतले बरेचसे, आमच्या टोकाचे, मधल्या आळीतल्या त्या नळवाल्या बायकाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, एवढ्या वर्षांत एकाही सभेत मी स्वतः हात वर केलेला नाही. शिपाई म्हणून उभा असायचो, पाणी द्यायचो. मी हात वर केला.

साहेब मोजता मोजता थांबले. "सटवाजी, तुम्ही पण?"

"मतदार हाय म्या, सायेब. मोजा."

अप्पांनी स्वतःचा हात वर केला नाही. काही जण उठून गेले. पण हात पुरले, आणि अप्पांनीच सांगितलं, "मंजूर. लिहा."

पुढं सगळं गोड झालं असं नाही. त्या ओढ्यावर अजून पूल नाही. घरकुलं सात झाली, सात राहिलीत. पण नोंद झाली, आणि मोगराबाईची नात त्याच वर्षी आश्रमशाळेत गेली. घरांना क्रमांकाच्या पत्र्याच्या पाट्या लावायचं काम माझ्याकडं आलं. मी खिळे आणि हातोडा घेऊन गेलो. मोगराबाईच्या घराला दारच नव्हतं, पोत्याचा पडदा होता.

"कुठं ठोकू?" मी विचारलं.

"भाईर नको लावू. कुणी चोरली म्हंजी?" ती म्हणाली. मी उगारलेला हातोडा खाली घेतला. तशी तीच हसायला लागली, इतकी की पदर तोंडाला लावावा लागला. मग तिनं पाटी हातात घेऊन त्यावरचा आकडा बोटानं गिरवला. "ह्याच्या आदीचा आकडा कुणाचा?"

मी यादी बघितली. गावात शेवटची नोंद अप्पांच्या धाकट्या मुलाच्या नव्या बंगल्याची होती. तिथून पुढं वस्तीचे आकडे सुरू झाले होते.

"म्हंजी अप्पा आमचे शेजारी झाले की," ती म्हणाली.

हे मी अप्पांना जाऊन सांगितलं. चिडवायला सांगितलं, खोटं कशाला बोलू. अप्पा पान चघळत राहिले. त्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न होतं. पत्रिका वाटायचं काम नेहमीसारखं माझ्याकडं. गठ्ठा घेऊन निघालो तर अप्पांनी परत बोलावलं, एक पत्रिका काढून घेतली आणि मांडीवर ठेवून स्वतः तिच्यावर नाव घातलं. अप्पांचं मराठी अक्षर कानडी वळणाचं, गोल.

"ही ओढ्यापलीकडं," ते म्हणाले. "हातात दे. दारात ठेवून येऊ नको."

मी गेलो. मोगराबाईला वाचता येत नव्हतं. ती पत्रिकेवरचा गणपती बघत राहिली, मग म्हणाली, वाच. मी सावकाश वाचलं, जसं मला येतं तसं. वर लिहिलं होतं, 'सौभाग्यवती मोगराबाई आणि घरची सर्व मंडळी'.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.